'नाही म्हण' एवढं सांगून पोराला पुरतं का?

वर्धेकाठची आई
आम्ही यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा आठवीत आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या कंपासपेटीत खर्र्याची पन्नी सापडली, रबर लावून घडी घातलेली. इकडचे नसाल तर सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, त्याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. एक पुडी चौघं-पाचजण मिळून खातात.

मी ओरडले नाही. जवळ बसवून विचारलं, तर म्हणाला, "चव नाही आवडत मला." मग खातोस कशाला? "सगळे घेतात ना."

मी म्हटलं, सरळ नाही म्हणायचं. त्यावर त्याने विचारलं, "नाही म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.

दोन पोरींचा बाप
ताई, उत्तर साधं आहे, संगत तोडा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. बाक बदला, ट्यूशन बदला, गरज पडली तर शाळा बदला. आणि ठेलेवाल्याची तक्रार करा. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. समजावण्यात वेळ घालवू नका. या वयात पोरांना धाक लागतो.

सुटलेला
दादा, तक्रार जरूर करा. शाळा बदलण्याबद्दल मात्र मी अनुभवाने बोलतो. नववीत घरच्यांनी मला मामाकडे चंद्रपूरला ठेवलं होतं, संगत तुटावी म्हणून. नव्या वर्गात कोणी ओळखेना. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभा राहायचो. आठव्या दिवशी एकाने पन्नी पुढे केली आणि मला बरं वाटलं, खरंच सांगतो. कोणीतरी विचारलं म्हणून. खर्रा बाजूलाच राहिला, मी त्या गोलात उभं राहायला गेलो होतो. एकट्या पडलेल्या पोराला तुम्ही आणखी एकटं केलंत तर तो पहिल्या पुढे आलेल्या हाताला लटकतो.

काळी माती
मला हे 'मित्रांचा दबाव' प्रकरण पटत नाही. आमचा सहाजणांचा कंपू होता, पाचजण खायचे. मी आयुष्यात खर्रा तोंडाला लावला नाही आणि दोस्तीही सुटली नाही. जबरदस्तीने कोणी तोंडात कोंबत नसतं. पोराच्या हातात पळवाट देऊ नका. उद्या कॉपी केली तरी म्हणेल सगळ्यांनी केली. आणि एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका: तुमच्या घरात कोण खातं?

मानसशास्त्र शिकवतो
काळी माती, तुम्ही खंबीर राहिलात याचा आदरच आहे, पण सगळ्यांना ते का जमत नाही ते पाहू. अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी 1951 च्या सुमारास एक प्रयोग केला. तीन रेघांपैकी कोणती रेघ दाखवलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून एकसुरात चूक उत्तर द्यायचे. डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही सुमारे पाऊण लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराच्या मागे गेले. तिथे कोणी दम दिला नव्हता, चिडवलंही नव्हतं. आणि हे कॉलेजात शिकणारे तरुण होते, आठवीतली पोरं नव्हेत.

आता ताईंच्या कामाची गोष्ट. त्याच प्रयोगात दुसऱ्या एकानेही बरोबर उत्तर दिलं की मागे जाणारे एकदम कमी झाले. फक्त एकाने. म्हणून संगत तोडण्याआधी त्या गोलात खायचं नसलेला दुसरा कोण आहे ते शोधा. बहुतेक वेळा असतोच.

दोन पोरींचा बाप
सर, प्रयोगशाळेतली रेघ वेगळी आणि सुपारी वेगळी. रेघेने तोंड आखडत नाही. माझ्या मोठ्या भावाच्या तोंडात आज तीन बोटं जात नाहीत, भाकरी दुधात भिजवून खातो. वय 38. तो दुसरा पोरगा सापडेपर्यंत हा पुड्या खात राहील त्याचं काय? माझा जीव तुटतो म्हणून धाकाचं बोलतोय.

वर्धेकाठची आई
भाऊंचं वाचून रात्री झोप आली नाही. आणि काळी माती, राग नाही. ह्याचे बाबा खातात. आणि पुडी आणायला ह्यालाच पाठवतात, तो सहावीत असल्यापासून. ठेल्यावर त्याला कोणी अडवत नाही, कारण तो 'बाबांसाठी' नेतो. पहिली पुडी त्याने बाबांच्याच पैशांतून जास्तीची घेतली होती. हे मला काल कळलं. मी मित्रांना दोष देत बसले होते.

काल संध्याकाळी ओट्याशी उभं राहून आम्ही तालीम केली. मी मित्र झाले, बडीशेपेची पुडी पुढे करून म्हटलं, "घे ना बे, घाबरला काय?" तो म्हणाला, "आई, असं कोणी बोलत नाही." मग कसं बोलतात? त्याने माझ्या हातातली पुडी घेतली, स्वतः चिमूटभर उचलली आणि काही न बोलता, माझ्याकडे न बघताच, पुडी माझ्यापुढे धरली. दुसरीकडे बघत काहीतरी क्रिकेटचं बोलत राहिला.

माझा हात आपोआप पुडीकडे गेला. मोठ्या बाईचा.

सुटलेला
अगदी असंच असतं! शब्द नसतातच. म्हणून 'नाही' म्हणायला जागाच मिळत नाही, तोंड उघडावं तर आपणच तमाशा करतोय असं वाटतं. मी सुटलो तेव्हा खिशात फुटाणे ठेवायचो. पन्नी आली की न थांबवता पुढच्याला द्यायची आणि फुटाणे काढायचे. गोल मोडत नाही, बोलणंही चालू राहतं. तिसऱ्या दिवशी एकाने माझ्याकडे फुटाणे मागितले. तो आजही माझा दोस्त आहे.

काळी माती
फुटाणे ठीक. पण पुढच्याच्या हातात पन्नी दिली म्हणजे त्याला खाऊ दिलं की. हे मला अजून बरोबर वाटत नाही. घरातलं मोकळेपणाने सांगितलंत, ते मात्र सोपं नव्हतं, ताई.

मानसशास्त्र शिकवतो
आक्षेप रास्त आहे. पण तेरा वर्षांच्या मुलाकडून आधी त्याचा स्वतःचा हात थांबण्याची अपेक्षा ठेवू. सगळ्या गोलाची जबाबदारी त्याच्यावर टाकली तर तो दोन्ही सोडून देईल.

दोन पोरींचा बाप
ताई, बाबांची पुडी आता कोण आणतं?

वर्धेकाठची आई
परवापासून ते स्वतः जातात. पहिल्या दिवशी चिडले, जेवले नाहीत. काल ठेल्यापर्यंत जाऊन तसेच परत आले, का ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मुलाने दुसरा पोरगा शोधलाय, त्याच्याच बाकावरचा. त्यालाही चव आवडत नाही म्हणे. फुटाणे दोघांसाठी बांधून दिलेत.