मदत हवी आहे : गर्भाची हालचाल आणि सांध्यांची घडण

गर्भाच्या हालचालींमुळे हाडांची घडण कशी होते, हे समजून घेताना मी एका ठिकाणी अडलो आहे. साधारण ७-८ आठवड्यांचा गर्भ हालू लागतो, तेव्हा आईला त्याची चाहूलही नसते. पण कोपराच्या जागी सलग असलेल्या ऊतीत फट पडून सांधा मोकळा होण्यासाठी स्नायूंची ही ओढ आवश्यक असते. अंड्यातील कोंबडीच्या पिलाचे स्नायू औषधाने लुळे केल्यास सांधे जोडलेलेच राहतात. मात्र स्नायूच तयार न होणाऱ्या उंदरांच्या गर्भात कोपर जोडलेला राहतो आणि गुडघा बऱ्याच अंशी नीट घडतो, हे मला फार विलक्षण वाटते. आईच्या आणि शेजारच्या भावंडांच्या हालचालींचा ताण गुडघ्याला पुरतो, की त्याच्या पेशींना मिळणारे संकेतच वेगळे असतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.