इंदूर: धबधब्याच्या टेरेरियममध्ये (काचेतल्या बागेत) फिटोनियाचं रोप सडतंय, काय करू?

नेचेवाली: दोन फुटी काचेची टाकी. मागच्या दगडांवरून पाणी पडतं, खाली छोटं डबकं. फिटोनिया देठापासून काळा पडून लोळतोय, नेचे (फर्न) मात्र टवटवीत. आहे त्याच टाकीत सुधारायचंय. बजेट दीड हजार, वर एक रुपया नाही.

सुदामानगरकर: धुकं सोडणारा फॉगर घ्या. मी चार हजारांचा लावलाय. संध्याकाळी सुरू केला की पाहुणे समोरून हलत नाहीत.

मनीप्लांट: दादा, दीड हजार लिहिलंय! आणि फॉगरने ओल आणखी वाढेल. ताई, माती पाण्याला टेकलीय का बघा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वातीसारखं पाणी वर ओढतं, मग मुळांना हवाच मिळत नाही. तळाशी भाजलेल्या मातीच्या गोळ्या, वर जाळी, मग माती. पाण्याची पातळी कायम जाळीच्या खाली.

राजवाडा_७८: नळाचं नर्मदेचं पाणी घाला, सगळं ठीक होईल. आमच्याकडे बोअरला हातही लावत नाहीत.

बोअरवाला: नर्मदा असो की बोअर, पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. आमच्या दगडावर पांढरा थर बसला, मॉसची, त्या मखमली हिरव्या गालिच्याची, टोकं करपली. आता आरओचं घालतो, पावसाळ्यात गच्चीवरचं.

राजवाडा_७८: 1978 पासून इंदूर नर्मदा पितंय.

बोअरवाला: माणसं पितात हो. मॉसचं बोलतोय मी.

हिरवी_गच्ची: मॉस ऑनलाइन मागवू नका. मला रंगवलेलं वाळकं पाठवलं, डबकं हिरवंगार झालं आणि पैसेही परत दिले नाहीत. बाकी तेच, माती पाण्याला टेकवू नका. पाण्यात खत तर मुळीच नको, शेवाळ माजतं. डबक्याच्या काठाला अनुबियास ही पाणवनस्पती दोऱ्याने दगडाला बांधा, पण त्याचं आडवं खोड मातीत पुरू नका, कुजतं. पांढरा एलईडी दिवसाला दहा-बारा तास पुरतो. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, मे महिन्यात आत सगळं शिजेल.

सुदामानगरकर: मी तरी फॉगरच म्हणेन.

नेचेवाली: सगळ्यांचे आभार. कडेला उकरून पाहिलं, माती खरंच पाण्यात बसलीय. पण तो गोळ्या-जाळीचा खोटा तळ करायचा तर सगळी टाकी उपसावी लागेल, आणि नेच्यांनी दगड घट्ट धरलेत, त्यांना मी हात लावणार नाही. फिटोनियाची चांगली टोकं खुडून मातीच्या छोट्या कुंडीत लावली, कुंडी वरच्या कोरड्या दगडावर ठेवली. पाणी सध्या नळाचंच. उरलेल्या पैशांत आणखी एक नेचा आणतेय.