आईला मिळालेले वचन आणि अकरा वर्षांची वाट

प्रश्न: सदरची लेक, नागपूर

सर्व बंधुभगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री वॉचनाइटची उपासना संपल्यावर मंडळीत नेहमीप्रमाणे नव्या वर्षासाठी बायबलमधील वचनांच्या चिठ्ठ्यांचे ताट फिरले आणि माझ्या आईच्या हाती यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ आले, म्हणजे परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन. त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ घराच्या वाटणीवरून वडिलांशी भांडून निघून गेला होता. पुढे वडील प्रभूत निजले, तेव्हाही तो आला नाही. आई आता ७८ वर्षांची आहे. ती चिठ्ठी तिच्या बायबलमध्ये आहे. कोपऱ्याला हळदीचा डाग पडला आहे आणि घडीवर फाटली म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. घरातला जुना लँडलाइन ती बंद करू देत नाही, कारण भावाला तेवढाच नंबर पाठ आहे. रोज सकाळी केर काढून झाला की ती रिसीव्हर उचलते आणि आवाज येतो ना, एवढे पाहून परत ठेवते.

"प्रभूनं सांगितलंय ना गं, येईल तो?" असे ती विचारते. मी "हो" म्हणते आणि माझे मन मला खाते. देवाने खरोखर असे सांगितले आहे काय? की चिठ्ठीवरच्या शब्दांवर आम्हीच आमची इच्छा लिहिली? माझा देवावर विश्वास आहे. पण नेमका कशावर विश्वास ठेवून थांबायचे, हे मला कळेनासे झाले आहे.

उत्तर: निवृत्त शिक्षक, मोहननगर

ताई, सलाम. आपण अकराव्या वचनाच्या आधीचे दहावे वचन आईंसोबत वाचले आहे काय? चिठ्ठीवर ते कधीच छापले जात नाही. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलास (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने जे पत्र पाठवले, त्यातला हा भाग आहे आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून, दोन वर्षांत सर्व काही परत येईल, असे सांगतो आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू मोडून टाकतो. लोकांना हनन्याचेच बोलणे गोड वाटले असणार. परंतु देवाने त्याला पाठवलेच नव्हते. यिर्मयाने मात्र बंदिवानांना लिहिले की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. जे वयस्कर होते त्यांना परतीची वाट स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नव्हती, तरी ते पत्र त्यांनाही उद्देशून होते. पारसाच्या कोरेश राजाने परत जाण्याची परवानगी दिली ती इ. स. पू. ५३८ मध्ये.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ते वचन आपल्या भावाच्या परतण्याची तारीख सांगत नाही आणि त्याच्या परतण्याची हमीही देत नाही. भाऊ स्वतः निर्णय घेणारा माणूस आहे. देव त्याला दोरी बांधून ओढून आणील, असे शास्त्र कोठे म्हणत नाही. वचन आहे ते देवाच्या मनाविषयी. आपण आईंना जे "हो" म्हणता, ते त्या मनाविषयीचे असेल तर खोटे नाही.

उत्तर: मेकोसाबागेतील एक बहीण

सरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पण ७८ वर्षांच्या आईला ते याच शब्दांत सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या यजमानांच्या आजारपणात प्रार्थनेला येणाऱ्या काही जणांनी मला सांगितले होते की माझा विश्वास कमी पडतो, म्हणून उत्तर येत नाही. यजमान गेले. त्यानंतर बरेच महिने मी बायबल उघडले नाही, आणि जेव्हा उघडले तेव्हा स्तोत्र १३ समोर आले, ज्याच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद "कोठवर?" असे चार वेळा विचारतो. तुरुंगातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूला विचारायला माणसे पाठवली, की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशूने त्याला फटकारले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढे त्याला कळवा, असे सांगितले.

ताई, आपल्या मनातली शंका अविश्वास नाही. आणि लँडलाइनविषयी एक सांगते. यिर्मया ३२ मध्ये शत्रूचा वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, यिर्मया अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवायला लावतो. बाबेलच्या फौजेच्या ताब्यात गेलेल्या शेताला कोण पैसे देते? मला आपल्या आईचे ते बिल या सतरा शेकेलांसारखे वाटते. खत झाल्यावर तोच यिर्मया देवाला म्हणतो की नगर शत्रूच्या हाती जात आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! त्याने आज्ञा आधी पाळली आणि आपले कोडे नंतर मांडले.

उत्तर: जरीपटक्याचा वाचक

थोडे आपल्या गावाचे सांगतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्या एकीची बोलणी १९२९ पासून चालली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. सहा मंडळ्या एकत्र येण्यास एकेचाळीस वर्षे लागली. "ते सर्व एक व्हावेत" ही प्रभूची प्रार्थना उराशी धरून जे पहिल्या बैठकांना बसले, त्यांतील कित्येकांना तो दिवस पाहायला मिळाला नाही. इब्री ११:१३ मध्ये म्हटले आहे तसे त्यांनी ते दुरून पाहिले. सरांना एवढेच विचारावेसे वाटते की चौदाव्या वचनात देव "मी तुम्हांला परत आणीन" असेच म्हणतो. मग परतण्याचीच आशा धरणाऱ्या आईने त्या वचनाचा अर्थ अगदीच चुकीचा घेतला, असे कसे म्हणावे?

उत्तर: निवृत्त शिक्षक, मोहननगर

आपला आक्षेप मला मान्य आहे. हमी आणि आशा यांत मी जी रेघ ओढली ती आवश्यक आहे, असे मला अजूनही वाटते. परंतु परत आणणे हा देवाचा स्वभाव आहे, हे मी म्हणायला हवे होते आणि ते राहून गेले.

सदरची लेक, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी आईला चौथ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत वाचून दाखवले. सत्तर वर्षांपाशी तिने मला थांबवले आणि म्हणाली, "म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांना ठाऊकच होतं, आपल्याला बघायला मिळणार नाही." मी मान हलवली. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग तिने विचारले, "तरी त्यांनी मळे लावले?" मी पुन्हा तेच वचन वाचले. या वेळी "प्रभूनं सांगितलंय ना" असे तिने विचारले नाही. भाऊ जिथे आहे तिथे त्याचे भले होवो, अशी प्रार्थना तिने केली, जी इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. तो परत यावा, हेही शेवटी मागितलेच. आज सकाळी केर काढून झाल्यावर तिने रिसीव्हर उचलून पाहिला, आणि या महिन्याचे बिल मी भरले आहे.