घड्याळातला जास्तीचा अर्धा किलोमीटर

मनगटावरच्या घड्याळात मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पूर्ण झाले तेव्हा अंतिम रेषा अर्धा किलोमीटर दूर होती आणि ती आपल्याला पाहूनच कोणीतरी मागे सरकवली असावी, हे एका धावकाच्या लेखातले वर्णन वाचून मनापासून हसू आले. चार तासांचे उद्दिष्ट थोडक्यात हुकल्याची हळहळही पटली. मात्र मार्गच लांब आखला होता, हा लेखातला निष्कर्ष मान्य करता येत नाही. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला लावलेल्या जोन्स काउंटरने (चाकाचे फेरे मोजणाऱ्या उपकरणाने), वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, म्हणजे शक्य तितक्या आखूड रेषेने मोजतात, आणि तो चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारी एक, म्हणजे मॅरेथॉनसाठी सुमारे ४२ मीटर, मुद्दाम मिळवतात. गर्दीतून वाट काढणारा, पाण्याच्या टेबलाकडे वळणारा धावक त्या रेषेवर राहूच शकत नाही. घड्याळ ज्यावरून अंतर मोजते त्या उपग्रहाच्या संदेशात उंच इमारतींमुळे पडणारी चूक वेगळीच.

याचा हिशेब आधीच करायला हवा. चार तासांसाठी किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद हा वेग कागदावर बरोबर असला, तरी घड्याळात ४२.७ किलोमीटर भरणार असतील तर त्याच वेगाने जवळजवळ पावणेतीन मिनिटे उशीर होतो. अशा वेळी घड्याळात ५ मिनिटे ३७ सेकंद दिसले पाहिजेत. त्याहून चांगले म्हणजे स्वयंचलित लॅप, म्हणजे घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप केलेली वेळेची नोंद, बंद करून रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटर फलकापाशी स्वतः बटण दाबावे.