मदत हवी आहे: चर्चमधली मधली वाट कमी खर्चात सजवायची आहे (पुणे)

वानवडीकर
बहिणीचं लग्न नाताळनंतरच्या शनिवारी, दुपारी चारला, मिस्सेसह (चर्चच्या पूर्ण उपासनाविधीसह) आहे. चर्च कॅम्पातलं, जुनं, दगडी. दारापासून वेदीच्या पायरीपर्यंतची वाट मोजून आणली आहे: १८ मीटर लांब, दीड मीटर रुंद. दोन्ही बाजूंना १४-१४ बाक, सागवानी, पॉलिश केलेले. बाकाच्या कडेला नुसती उभी सपाट फळी आहे, रिबन अडकवायला मूठ किंवा खाच नाही.

डेकोरेटरने फक्त वाटेचे ३० हजार सांगितले. आमच्याकडे त्यासाठी आठ हजार आणि काम करायला चार जण आहेत. प्रत्येक बाकाला फुलांचा गुच्छ, बाकाबाकांमधून नेटची झालर, पांढरी पायघडी आणि दोन्ही कडांना गुलाबपाकळ्या असं मनात आहे. यातलं काय ठेवावं आणि काय गाळावं?

पुष्पगड्डी
झालर, पायघडी आणि पाकळ्या तिन्ही गाळा. गुच्छ ठेवा, पण एक बाक सोडून एक. दारातून बघणाऱ्याला बाक एकामागे एक दिसतात, मधली मोकळी जागा जाणवतच नाही. २८ ऐवजी १४ गुच्छांत भागतं.

झालरीत खर्चापेक्षा अडचण मोठी. मिस्सेत कम्युनियनला, म्हणजे वेदीपाशी पवित्र भाकर घ्यायला, लोक बाकांतून याच वाटेवर उतरतात. बाकांची तोंडं नेटने बंद केली की पहिल्याच रांगेत कुणीतरी ती ओढून काढणार. पातळ कापडाची पायघडी दगडी फरशीवर सरकते, टाचेखाली गोळा होते, आणि नवरीच्या गाऊनचा मागे लोळणारा घेर तिला सोबत ओढत नेतो. जाड गालिचा आठ हजारांत बसायचा नाही. जुनी फरशी स्वच्छ पुसलेली असली तर तीच छान दिसते.

आता फुलांचा हिशेब. एका गुच्छाला ३ कार्नेशन, २ काड्या शेवंती (एका काडीवर अनेक फुलं असतात ती) आणि ४ काड्या कामिनी (हिरवा पाला). म्हणजे ४२ कार्नेशन, २८ काड्या शेवंती, ५६ काड्या कामिनी. कार्नेशनच्या २०च्या ३ गड्ड्या घ्या, उरलेली १८ दारातल्या दोन कुंड्यांपाशी लावा. गुच्छाचा आकार कामिनीने येतो आणि ती स्वस्त असते, म्हणून पाला घेताना हात आखडू नका. फुलं कमी आणि पाला भरपूर असलेला गुच्छ भरलेला दिसतो. उलट केलं की देठ आणि रबर बँड उघडे पडतात.

गुलाब का नको? पाण्याबाहेर चार-पाच तासांत मान टाकतो. जरबेरा त्याहून लवकर वाकतो, कारण त्याचा देठ पोकळ. जिप्सोफिला फोटोत सुंदर येतो, पण बंद जागेत त्याचा वास सगळ्यांना सोसत नाही आणि बारीक कळ्या फरशीभर सांडतात. कार्नेशन आणि शेवंती दिवसभर तग धरतात.

खरेदी गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या फुलबाजारात, शुक्रवारी पहाटे. किलोवर मिळणारी सुटी फुलं हाराची असतात. तुम्हाला काडीची, गड्डीतली हवीत. नाताळच्या आठवड्यात पांढऱ्याला मागणी जास्त, त्यामुळे फिकट गुलाबी किंवा मोतिया रंगाची तयारी ठेवा. गड्डी घेताना बाहेरची फुलं बघून भुलू नका. कागद थोडा सरकवून आतल्या फुलांचे देठ बघा: बुडाशी काळपट, बुळबुळीत झाले असतील तर माल जुना.

तारकाम
मूठ नसलेल्या बाकाला रिबन बांधली तर ती घसरत खाली येते. मग लोक सेलोटेप लावतात आणि काढताना पॉलिशचा पापुद्रा निघतो. खिळा, थंबटॅक तर नकोच. त्यापेक्षा तारेचे आकडे करा.

३ मिमीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ७ मीटर. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे १४ तुकडे करा. प्रत्येक तुकडा हेअरपिनसारखा दुमडा, दोन पायांत साधारण ३ सेंमी अंतर ठेवा. मग ही दुहेरी तार फळीच्या वरच्या काठावर उलट्या ‘यू’सारखी बसेल अशी वाकवा: आतल्या बाजूला ८ सेंमी, वाटेच्या बाजूला १० सेंमी, आणि दुमडलेलं टोक वर वळवून ३ सेंमीचा हुक. फळीची जाडी आधी मोजून घ्या, बाकी मापं तिच्यावर ठरतात. तार दुहेरी यासाठी की एकेरी आकड्याला साडीचा पदर किंवा गाऊन नुसता लागला तरी तो गर्रकन फिरतो आणि गुच्छाची पाठ वाटेकडे येते.

लाकडाला लागणाऱ्या भागावर फ्लॅनेलची पट्टी गुंडाळा. सायकलच्या ट्यूबचं रबर लावू नका, घासून पॉलिशवर काळा डाग राहतो. एक आकडा करून चर्चमध्ये जाऊन बसवून बघा आणि मगच बाकीचे १३ वाकवा.

गुच्छ वाटेत १५ सेंमीपेक्षा पुढे येऊ देऊ नका. दोन्हीकडून १५ गेले की दीड मीटरातले १ मीटर २० सेंमी उरतात. नवरी आणि वडील शेजारी-शेजारी चालायला ते पुरतात, त्याहून कमी नको.

वानवडीकर
दोघांचेही मनापासून आभार. फुलं शुक्रवारी पहाटे आणली तर शनिवारी चारपर्यंत कशी टिकवायची? आणि गुच्छ नेमका कसा बांधायचा?

पुष्पगड्डी
घरी आणल्या आणल्या देठाचं टोक २ सेंमी तिरकं कापा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर ती कुजून पाणी बिघडवतात. बादलीत निम्म्यापर्यंत पाणी, सावलीची खोली, किमान सहा तास. डिसेंबरची पुण्याची थंडी मदतीलाच आहे, फ्रिज लागत नाही. फक्त त्या खोलीत केळी, सफरचंदं ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने कार्नेशन मिटतं आणि पुन्हा उमलत नाही.

गुच्छ शुक्रवारी रात्री बांधा. टेबलावर कामिनीच्या दोन लांब काड्या आडव्या ठेवा, ही झाली पाठ, आणि ती सपाटच राहिली पाहिजे. त्यावर शेवंती. मग कार्नेशन पायऱ्यांसारखी: एक वर, एक मध्ये, एक खाली. उरलेल्या दोन आखूड कामिनी बुडाशी, देठ झाकायला. रबर बँडने घट्ट बांधा. दोऱ्याने बांधलं तर देठ सुकून बारीक झाल्यावर गुच्छ सैल पडतो. रात्रभर पुन्हा बादलीत.

सकाळी देठांच्या टोकांना ओला कापूस, त्यावर छोटी प्लॅस्टिक पिशवी, वर रबर बँड. कापूस लावण्याआधी पिळून घ्या. थेंब गळत राहिला तर पॉलिशवर पांढरा डाग उमटतो. गुच्छ शेंडे वर ठेवूनच टांगा.

रिबन दोन इंची सॅटिन, एका गुच्छाला दीड मीटर, एकूण २१. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास रोलवर घ्या. रोल किती मीटरचा ते विचारा. टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झर्रकन न्या, मग धागे सुटत नाहीत.

घंटाघर
पैसे देण्याआधी चर्चच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारा. पहिली, त्या दिवशी दुसरं लग्न आहे का. नाताळनंतर लग्नं पाठोपाठ असतात. असेल तर त्या कुटुंबाशी बोलून फुलांचा खर्च निम्मा-निम्मा करा. दुसरी, नाताळची सजावट तोवर राहणार का. चर्चने वेदीपाशी फुलं आणि दाराशी तारा लावलेला असेल तर तिथे खर्च नको, फक्त तुमच्या रिबनचा रंग त्याला धरून घ्या. तिसरी, सकाळची मिस्सा किती वाजता संपते आणि संध्याकाळची उपासना कधी, कारण लावायला आणि उतरवायला तेवढाच वेळ मिळेल. १४ आकडे चार जणांत अर्ध्या तासात लागतात.

पाकळ्यांची हौस असेल तर बाहेर, पायऱ्यांवर, जोडपं निघताना उधळा. आत चेंगरलेल्या पाकळीवर पाय घसरतो आणि फरशीला रंग लागतो. बाहेर उधळायलाही आधी विचारा, आणि झाडू सोबत न्या.