प्लांकचा स्थिरांक ४.१४ येतोय, ६.६३ यायला हवा. मदत हवी आहे

घाईत_गडबड
फोटोसेलचा (प्रकाश पडला की करंट देणारी नळी) प्रयोग तीनदा केला. पाचही फिल्टर लावून स्टॉपिंग पोटेंशियल (करंट शून्यावर आणणारं उलटं व्होल्टेज) घेतले, वारंवारतेविरुद्ध ग्राफ काढला, रेष छान सरळ येते, पण स्लोपवरून एच, म्हणजे प्लांकचा स्थिरांक, ४.१४ च येतो. आकडेमोड दोनदा तपासली. चूक कुठे असेल? आइनस्टाइनचं समीकरण माहीत आहे, ते कृपया समजावू नका. सोमवारी जर्नल द्यायचं आहे.

पुंजवादी
अहो, उत्तर बरोबर आहे की! ६.६२६ × १०^-३४ ज्यूल-सेकंद म्हणजेच ४.१३६ × १०^-१५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट-सेकंद. तुम्ही इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढलंय. १.६०२ × १०^-१९ ने गुणा, झालं काम. पेढे पाठवा.

घाईत_गडबड
गुणल्यावरच ४.१४ आलंय. घात उणे ३४.

पुंजवादी
मग विचित्र योगायोग आहे. पेढे रद्द.

लघुत्तम_माप
एकक न लिहिता नुसतं "४.१४" लिहिलं की असंच होणार. आता हे सांगा: (१) पाचही वाचनं, (२) दिवा कोणता, पाऱ्याचा की टंगस्टनचा, (३) करंट मीटरची रेंज कोणती, (४) "करंट शून्य झाला" हे कशावरून ठरवलं. रेष सरळ येते याचा अर्थ एवढाच की चूक नियमित आहे.

नीट_२च्या_तयारीत
यात डी ब्रॉग्ली पण येतं ना? व्होल्टेजवरून इलेक्ट्रॉनची तरंगलांबी: १.२२६ भागिले √व्होल्ट, उत्तर नॅनोमीटरमध्ये. ५४ व्होल्टला ०.१६७ नॅनोमीटर, डेव्हिसन-गर्मरचा निकेलचा प्रयोग, १९२७. हमखास विचारतात.

लघुत्तम_माप
सूत्र बरोबर आहे, पण इथे कोणी विचारलेलं नाही.

घाईत_गडबड
दिवा साधा टंगस्टनचा, ४० सेंमीवर. वाचनं (नॅनोमीटर, व्होल्ट):
६३५ – ०.३८
५७० – ०.५२
५४० – ०.६०
५०० – ०.७२
४६० – ०.८४
रेंज ×१ वर होती, तशीच ठेवली. डिस्प्लेवर ००० आलं की व्होल्टेज लिहिलं. अजून कसं ठरवणार?

एलईडी_भक्त
फोटोसेल सोडा हो. इन्फ्रारेड, लाल, पिवळा, हिरवा, निळा असे पाच एलईडी घ्या, प्रत्येकाला १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, आणि सगळ्यांतून एकच छोटा करंट, समजा १० मायक्रोअँपिअर, जाईल तेव्हाचं व्होल्टेज मोजा. व्होल्टेज विरुद्ध वारंवारता, स्लोपला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणा. शंभर रुपयांत काम. फक्त पांढरा एलईडी घेऊ नका, तो आतून निळाच असतो, वर फॉस्फर.

लघुत्तम_माप
त्यात प्रकाशविद्युत परिणाम कुठे आला? ते डायोडचं व्होल्टेज आहे. लाल आणि निळ्या एलईडीचं अर्धवाहक द्रव्यच वेगळं, त्यामुळे बँड गॅप (प्रकाशाचा रंग ठरवणारं द्रव्यातलं ऊर्जेचं अंतर) आणि मोजलेलं व्होल्टेज यांच्यातला फरक प्रत्येक रंगाला सारखा राहील याची खात्री नाही. जर्नलमध्ये "फोटोसेलने" असं शीर्षक असताना हे चालणारही नाही.

एलईडी_भक्त
उत्तर जवळपास येतं, एवढं पुरे.

पाऱ्याचा_दिवा
टंगस्टन हेच मूळ दुखणं. फिल्टर म्हणजे एक तरंगलांबी नव्हे, तो पट्टा सोडतो, आणि स्टॉपिंग पोटेंशियल ठरतं त्या पट्ट्यातल्या सर्वांत आखूड तरंगलांबीवर. लाल-पिवळ्या फिल्टरमधून थोडा निळा झिरपला तर त्या टोकाचं वाचन वर जातं आणि स्लोप घसरतो. पाऱ्याच्या रेषा वापरा: ३६५.०, ४०४.७, ४३५.८, ५४६.१, ५७७ ते ५७९. दिवा तापायला दहा मिनिटं द्या, मध्येच बंद केलात तर गार होईपर्यंत पुन्हा पेटणार नाही.

घाईत_गडबड
कॉलेजात पाऱ्याचा दिवा एकच आहे आणि तो स्पेक्ट्रोमीटरवर असतो. आहे त्यात सांगा.

लघुत्तम_माप
पट्ट्याचा मुद्दा खरा, पण इथली मोठी चूक ती नाही. स्लोप मी काढून पाहिला: २.५८ × १०^-१५ व्होल्ट-सेकंद. तुमचं गणित ठीक आहे, वाचनंच खऱ्यापेक्षा कमी येताहेत. एक शेवटचं सांगा: त्याच रेंजवर, व्होल्टेज शून्य असताना डिस्प्लेवर किती दिसतं? लाल आणि निळ्याला वेगवेगळं.

घाईत_गडबड
६३५ ला ०३३, ४६० ला ०१२. हे का हवंय?

लघुत्तम_माप
कारण उत्तर त्यातच आहे. करंट शून्याकडे सरळ रेषेत येत नाही, शेपटी ओढत येतो: ढोबळमानाने उरलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. स्टॉपिंग पोटेंशियलला १० टक्के बाकी असताना करंट सुरुवातीच्या १ टक्काच उरतो. तुमच्या मीटरला १ च्या खालचं दिसत नाही. सुरुवात १२ पासून असेल तर √(१/१२) = ०.२९, म्हणजे खऱ्या स्टॉपिंग पोटेंशियलच्या २९ टक्के अलीकडेच ००० येतं. ०.८४ ला ०.७१ ने भागा: १.१८. लालला √(१/३३) = ०.१७, ०.३८ भागिले ०.८३: ०.४६. टंगस्टनचा निळा प्रकाश मुळात क्षीण, म्हणून निळ्याला तूट जास्त आणि स्लोप आडवा.

हे भागाकार जर्नलमध्ये लिहू नका, पुन्हा मोजा. झाकण लावून मीटर शून्यावर आणा. रेंज ×०.०१ करा. लालला सुरुवातीला मीटर ओव्हरफ्लो दाखवेल, घाबरू नका, व्होल्टेज वाढवलं की आकडे येतील. शेवटी ×०.००१. शून्य शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक फिल्टरला चार-पाच करंट लिहा, त्यांचं वर्गमूळ विरुद्ध व्होल्टेज ग्राफ काढा आणि रेष अक्षाला जिथे मिळेल ते स्टॉपिंग पोटेंशियल घ्या. पुढे जाऊन वाचन उणे २-३ वर स्थिरावलं तर तो अॅनोडवर (इलेक्ट्रॉन गोळा करणारा इलेक्ट्रोड) पडणाऱ्या प्रकाशाचा उलटा करंट. तो पाया धरून आधी वजा करा, मगच वर्गमूळ.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
एवढं कशाला? दिवा २० सेंमीवर आणा, स्टॉपिंग पोटेंशियल वाढतं.

पुंजवादी
काय सांगता! तीव्रतेवर ते अवलंबून नसतं, हे तर लेनार्डने १९०२ मध्येच दाखवलं. त्याचाच तर सगळा घोळ झाला होता.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
करून बघा मग बोला. मीटरवर वाढतं.

लघुत्तम_माप
दोघंही बरोबर. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट, १२ चे ४८ होतात, तूट २९ वरून १४ टक्क्यांवर येते. निळ्याचं वाचन ०.८४ ऐवजी १.०१ येईल. वाढली ती मीटरची नजर, इलेक्ट्रॉनची ऊर्जा तीच आहे. दिवा जवळ आणाच, पण ×१ रेंजवर ठेवून नको.

मोजमाप_प्रेमी
एक जाता जाता. २० मे २०१९ पासून एच ६.६२६०७०१५ × १०^-३४ असा ठरवूनच टाकलाय, मोजायचा उरलेला नाही. काटेकोर बोलायचं तर हा प्रयोग आता तुमचं मीटर तपासतो.

घाईत_गडबड
हे एक्स्टर्नलला सांगू का?

मोजमाप_प्रेमी
नको.

घाईत_गडबड
मोजलं. ४६० ला ×०.०१ रेंजवर: ०.६ व्होल्टला २९०, ०.८ ला १२४, १.० ला २८. वर्गमुळं १७.०, ११.१, ५.३, रेष १.१८ ला मिळते. बाकीचे ०.९७, ०.८०, ०.६८, ०.४६. एच ६.४० आला. चूक साडेतीन टक्क्यांच्या आत. इंटरसेप्ट उणे १.४२, म्हणजे कॅथोडचं (ज्यावर प्रकाश पाडतो तो इलेक्ट्रोड) वर्क फंक्शन, इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, १.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बरोबर ना? व्हायवाला सिझियम सांगतो.

पाऱ्याचा_दिवा
शुद्ध सिझियमचं २.१४ आहे. ६३५ चा फोटॉन १.९५ चा. मग तुमच्या लाल प्रकाशाने करंट आलाच कसा? कॅथोडवर सिझियमचा संयुक्त थर असणार.

लघुत्तम_माप
आणि १.४२ कॅथोडचं नाहीच. दोन इलेक्ट्रोड वेगळ्या धातूंचे असले की त्यांच्यात संपर्क विभव येतो, आणि समीकरणात कॅथोडचं वर्क फंक्शन कटून अॅनोडचं उरतं. स्लोपला त्याने काही होत नाही. मिलिकनने १९१६ मध्ये निर्वातातच सोडियमचा पृष्ठभाग खरवडून घेतला, संपर्क विभव वेगळा मोजला आणि ६.५७ पर्यंत पोचला. जर्नलमध्ये "इंटरसेप्ट उणे १.४२ व्होल्ट" एवढंच लिहा, विचारलं तर अॅनोडचं कारण सांगा.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
पण छापील जर्नलमध्ये कॅथोडच लिहिलंय.

लघुत्तम_माप
हो, बहुतेक ठिकाणी तसंच छापतात.

रिमोट_वाला
एलईडीवाल्या दादा, टीव्हीच्या रिमोटमधला चालेल का?

एलईडी_भक्त
चालेल, बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो, १.३२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पेटलाय का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. वेगळा धागा काढा, इथे मला ओरडतात.