जुलाबांवर आधी काय? कुडा, बेल की मीठ-साखरेचं पाणी

रानहळद
पावसाळा लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात तेच संदेश पुन्हा फिरायला लागतात. डाळिंबाची साल उकळून द्या, जायफळ उगाळून चाटवा, कुटजघनवटी (कुड्याच्या सालीच्या गोळ्या) घ्या, तासाभरात जुलाब बंद. परवा भाचीने विचारलं, दीड वर्षाच्या बाळाला पाण्यासारखं होतंय, काय देऊ? उपायांचा नुसता पाऊस पडला. "ओआरएस (मीठ-साखरेचं पाणी) सुरू कर" असं मात्र एकानेही लिहिलं नाही.

कुड्याला मी नावं ठेवत नाही. राजापूरला आमच्या घरी कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, ताकात उगाळून देत आणि मोठ्या माणसांना त्याने उतार पडलेला मी पाहिलाय. पण जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते भरून काढणं पहिलं काम. जुलाब कशाने थांबवायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मरणाचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याने जुलाब थांबले नव्हते. जुलाब चालूच होते आणि माणसं जगत होती. पटकीचं विष आतड्यातून पाणी ओढून बाहेर टाकतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारं दार त्याला बंद करता येत नाही. उपाय त्या दाराने आत शिरतो. पहिल्या दिवशी काढा उकळत बसायला माझा विरोध आहे तो यासाठी.

वैद्य, संगमेश्वर
ताई, व्हॉट्सॲपच्या चुकीची शिक्षा तुम्ही शास्त्राला देताय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला एकोणिसावा अध्याय अतिसाराचा आहे. आमातिसारात, म्हणजे न पचलेला आम पडत असलेल्या जुलाबात, सुरुवातीलाच ग्राही, म्हणजे मळ बांधणारं औषध देऊ नये असं त्यात बजावलंय. दिलं तर सूज, पोटफुगी, ग्रहणी (पचनाचा जुनाट बिघाड), मूळव्याध, ताप मागे लागतात. आधी लंघन-पाचन (उपास आणि पचन सुधारणं), मग पेया (तांदळाची पातळ पेज), लाह्यांचं पाणी, मुगाचं कढण, सैंधव घातलेलं ताक. "तासाभरात बंद" हा आयुर्वेद नव्हेच.

कुडा खरा लागतो आवेला. कळ करून येतं, बसलं की थोडंसं पडतं, शेंब आणि रक्त दिसतं. असे लोक महिनोन्महिने गोळ्यांची पाकिटं रिकामी करून माझ्याकडे येतात. त्यांना ओआरएसने काय होणार? "नंतरचा प्रश्न" म्हणून तुम्ही एक चांगलं औषध अडगळीत टाकताय.

परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र
वैद्यबुवा, तुमच्या पहिल्याच शब्दावर माझी हरकत आहे. लंघन! वाडीवर हा शब्द पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ "बाळाचं दूध तोडा, पोटाला आराम द्या" असा होऊन बसतो. जुलाबातही अंगावरचं दूध चालूच ठेवायचं असतं, उलट जास्त वेळा पाजायचं असतं.

एक लेकरू आलं होतं, आजीच्या कडेवर. दोन दिवस मायफळ आणि मुरुडशेंग उगाळून चाटवलेली. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच उभी. आजी मला सांगत होती, "आता कमी आहे हो, सकाळपासून एकदाच झाली." शी कमी झाली म्हणून ती निवांत होती. लघवी कधी झाली ते घरात कुणालाच सांगता येईना. त्या आजीचा मला राग येत नाही. तिला जे शिकवलं ते तिने मायेने केलं. "शी मोजू नका, लघवी बघा" हे कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

वैद्य, संगमेश्वर
बाल, वृद्ध, गर्भिणी, दुर्बळ यांना लंघन द्यायचं नाही, हेही शास्त्रातच आहे. पण वाडीवर काय पोहोचतं हे तुम्ही रोज बघता, त्यामुळे तुमचं म्हणणं मी धरून ठेवतो. लाह्यांच्या पाण्याचं काय? तांदळाच्या पिठाचं ओआरएस पटकीत ग्लुकोजच्या ओआरएसपेक्षा सरस ठरलंय, हे तुमच्याच वैद्यकाने मान्य केलंय. आमची पेया त्याच वाटेवरची.

परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र
वाट तीच, पण त्यात मीठ किती? तांदळाच्या ओआरएसमध्ये क्षार मोजून घातलेले असतात. घरची पेज कुणी अळणी देतं, कुणी खारट. अळणी दिली तर क्षार भरत नाहीत, खारट झाली तर बाळाला अपाय. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, बस्स. पाकीट आशाताईकडे फुकट मिळतं. पेज खायला द्या, जरूर द्या, पण ओआरएसच्या जागी नको.

निळा_कंदील
एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत कर्पूररसही असतो. त्याचे घटक वाचा: हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज, आणि अहिफेन म्हणजे अफू. अफूने आतड्याची हालचाल मंदावते आणि शी थांबल्यासारखी दिसते. पण पाणी आतड्यात साचलेलं असतं, अंगाला ते मिळत नाही. वर सांगितलेल्या आजीसारखंच घरच्यांना वाटतं, उतार पडला. लोपेरामाईड ही जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना देऊ नये असं आपण म्हणतो, मग तोच न्याय इथेही हवा. माझं मत विचाराल तर लहान मुलांच्या जुलाबात जडीबुटीला जागाच नको. पुरावा काय आहे तिचा?

बेलपत्री
पुरावा अजिबात नाही असं नाही. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने कच्च्या बेलफळाच्या काढ्यावर केलेलं काम 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. तपासलेल्या जिवाणूंपैकी एकही त्या काढ्याने मेला नाही. पण जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं, पटकीच्या विषाची निर्मिती आणि पकड ढिली पडली, शिवाय जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस हा विषाणू यांच्यावरही परिणाम दिसला. जंतू मारतं का एवढंच बघितलं असतं तर बेल नापास करून मोकळे झालो असतो.

दारुहळदीतलं बर्बेरीन तर माणसांवर तपासलंय. बांगलादेशातली चाचणी 1987 मध्ये छापून आली. ई. कोलाय जिवाणूच्या जुलाबात शीचं प्रमाण घटलं, पटकीत फारसा फरक पडला नाही.

आणि बेल म्हणजे कच्चा बेल, हे लक्षात ठेवा. पिकलेल्या फळाचं सरबत पोट साफ करतं.

निळा_कंदील
बेलाचं काम प्रयोगशाळेतलं, काचेच्या बशीतल्या पेशींवरचं. बर्बेरीन म्हणजे वेगळा काढून मोजून दिलेला पदार्थ. त्यावरून घरच्या काढ्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

काजूबी
मी सावंतवाडीकडची. शास्त्राचं तुम्ही बघा, मी झाडाचं सांगते. कुडा म्हणून बाजारात काय येतं? पांढऱ्या कुड्याची साल जिभेला लागताच कडूजार. काळ्या कुड्याची तेवढी कडू नसते आणि औषधात तिचा मान नाही. ओळख शेंगांवरून करायची. दोघांच्याही शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या जोडीची टोकं खाली जुळलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या. साल सुकवून चूर्ण केलं की ही ओळख गेलीच. इंद्रजवाचंही, म्हणजे कुड्याच्या बियांचंही तेच, कडू ते औषधी, गोडे दुसऱ्याच झाडाचे. कुड्याला गुण नाही म्हणणाऱ्यांनी आधी कुडाच घेतला होता का ते तपासावं.

रानहळद
काजूबीताई, हा मुद्दा माझ्या मनातच नव्हता आला. पण तो माझ्याच बाजूचा आहे ना? ओआरएसच्या पाकिटावर ग्रॅम छापलेले असतात: मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराईड 1.5, सायट्रेट 2.9, पाणी एक लिटर. रत्नागिरीत घ्या नाहीतर गडचिरोलीत, औषध तेच. घाबरलेल्या आईच्या हातात द्यायची गोष्ट अशी हवी.

पुणेकर_खडकवासला
2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जुलाब थांबल्यावर पाय लुळे पडायला लागले. तेव्हा बाकी वाद काहीही असो, शीत रक्त, सतत उलट्या, सुस्ती, किंवा नंतर हातापायांत मुंग्या आणि अशक्तपणा आला तर काढा बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.

वैद्य, संगमेश्वर
हे शंभर टक्के मान्य. पाणी आधी, हेही मान्य. बाळाला अफूची कल्पं कुणी देऊ नयेत, वैद्याला न विचारता तर मुळीच नाही. पण "जडीबुटीला जागाच नको" हे मान्य नाही. मोठ्या माणसाच्या जुनाट आवेत कुडा हे माझं पहिलं औषध आहे आणि राहील. पुरावा हवा तर ओआरएस आणि झिंक दोन्ही गटांना द्या, एका गटाला त्यावर कुडा द्या आणि मोजा. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रुग्ण आहेत, विद्यार्थी आहेत. हे काम आमच्याच लोकांनी करायला हवं आणि ते होत नाही याचं मला दुःख आहे.

चिंचगूळ
सगळं वाचलं. मला फक्त एवढं सांगा, घरात कुटजारिष्टाची (कुड्याचं आंबवलेलं औषध) बाटली आहे. ओआरएसबरोबर चालेल का? घरात चार वर्षांची मुलगीही आहे.

परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र
मुलीला अरिष्ट नको, आंबवल्यामुळे त्यात मद्यार्क असतो. तिला दर पातळ शीनंतर अर्धा ते एक कप ओआरएस, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू करा. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. जेवण चालू ठेवा, वरण-भात, केळं, ताक. ओआरएससारखं दिसणारं खोक्यातलं गोड पेय आणू नका. तुम्हाला स्वतःला अरिष्ट घ्यायचं असेल तर ते वैद्यबुवांना विचारा.

वैद्य, संगमेश्वर
शीत रक्त आणि ताप दोन्ही नसतील तर जेवणानंतर चार चमचे, तेवढंच पाणी घालून. बाटलीवरची तारीख आधी बघा. आणि ओआरएस तुम्हीही प्या.